चाकांवरचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आला होता. जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतलं एक निवृत्त जोडपं. राहतं घर विकून त्यांनी एसटीएवढी मोटार घेतली होती. मोटारीतच स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, संडास. थंडी पडली की गाडी दक्षिणेकडं न्यायची, ऊन वाढलं की उत्तरेकडं. पुतण्या म्हणाला, "काका, अख्खं घर चाकांवर! असं कधी बघितलंय का?"

मी म्हटलं, "गाडी काढ. दाखवतो."

कराडहून आम्ही वडगाव हवेलीच्या रस्त्याला लागलो. रात्रीचे नऊ वाजले असतील. उसाचा हंगाम तोंडावर आला होता. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात एक ट्रक नुकताच रिता होत होता. बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, वाकळांचे गठ्ठे, दोन शेळ्या, पिंजऱ्यात कोंबड्या, पाण्याचे प्लॅस्टिकचे ड्रम, एक पाळणा. शेवटी फळी लावून बैल उतरवले. बाजूला रिकाम्या टायरगाड्या उभ्या होत्या. एका गाडीच्या जुवाला दोरी बांधून झोळी केली होती आणि तिच्यात तान्हं मूल झोपलं होतं. पुतण्या गप्प झाला.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो. आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखाला चाकांवरची बिऱ्हाडं काही नवीन नाहीत. सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे. १८८० साली त्यांनी मुंबईत भारतातली पहिली सर्कस उभी केली. तमाशाचे फड दसऱ्यानंतर ट्रक भरून बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या जत्रा उरकूनच घरी जातात. पण संख्येनं सगळ्यांत मोठं, आणि आपल्या अगदी दारातलं चाकांवरचं बिऱ्हाड म्हणजे ऊसतोड कामगारांचं. राज्यात दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं हंगामात अशी घर सोडतात, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. मी या परिसरातल्या एका साखर कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं चिटबॉय होतो. कुठल्या शेतातला ऊस कधी तोडायचा, कोणत्या गाडीनं न्यायचा, त्याची चिठ्ठी फाडणारा माणूस म्हणजे चिटबॉय. त्यामुळं या बिऱ्हाडांत माझं रोजचं येणं-जाणं होतं. तिथं जे पाहिलं, तेच आज सांगणार आहे.

घर का हलवावं लागतं?

पहिला प्रश्न असा, की इतक्या माणसांनी दरवर्षी घर उचलून यायचं कशासाठी? त्याचं उत्तर उसाच्या कांड्यात आहे.

ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. कारखान्याचा बॉयलर एकदा पेटला की तो रात्रंदिवस चालतो, त्याला थांबलेलं परवडत नाही. म्हणजे रोज ताजा ऊस हवा, तोही चार-पाच महिने सलग. रेठरे बुद्रुकचा कृष्णा असो, यशवंतनगरचा सह्याद्री असो, रोज हजारो टन ऊस गव्हाणीकडं चालत यायला हवा. एवढे हात एका तालुक्यात मिळत नाहीत. ज्याच्या स्वतःच्या रानात ऊस आहे, तो दुसऱ्याच्या फडात कोयता घेऊन सहसा जातही नाही.

आता दुसरी बाजू. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागातल्या कोरडवाहू गावांत बाजरी-तूर-कापूस निघाला की हाताला काम उरत नाही. आपल्याच जिल्ह्यातला माण, सांगलीतले जत आणि आटपाडी हेही त्यातलेच. १९५० साली प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढं नद्यांच्या काठानं कारखाने वाढत गेले. १९७२चा दुष्काळ पडला आणि कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या फार वाढली. जुने गाडीवान मला सांगायचे, की त्यांचे वडील बैलगाडी हाकतच इकडं यायचे. अडीचशे-तीनशे किलोमीटरची वाट. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर धरले तरी दहा-बारा मुक्काम. पुढं माणसं आणि बैल ट्रकमधून यायला लागले, आणि गाडी कारखान्यानं भाड्यानं द्यायची रीत पडली.

एक गंमत बघा. कराडजवळचं टेंभू गाव आपल्याला आगरकरांचं गाव म्हणून माहीत आहे. त्याच टेंभूपाशी कृष्णेचं पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडं नेलं आहे. जिथं पाणी पोचलं, तिथं ऊसही पोचला. म्हणजे ज्या गावांतून माणसं तोडीला निघायची, त्यांतल्या काही गावांत आता बाहेरची टोळी तोडीला येते. माणसाचं बिऱ्हाड का हलतं, हे समजायला याहून सोपं उदाहरण नाही. पाणी आलं की बिऱ्हाड थांबतं.

कोपी आणि गाडी

हे घर कसं असतं ते सांगतो. दोन तऱ्हा आहेत. बैलगाडीवाल्यांचं एक गाडी सेंटर असतं. कारखान्यापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या टप्प्यातला ऊस ते आणतात, म्हणून त्यांचा तळ बहुधा कारखान्याच्या जवळ पडतो आणि हंगामभर तिथंच राहतो. दुसऱ्या असतात ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या. त्या लांबच्या गावांत तोडतात. फड संपला की सगळं सामान ट्रॉलीत टाकून पुढच्या गावाला. एका हंगामात पाच-सहा वेळा घर मोडायचं आणि उभारायचं.

घर म्हणजे कोपी. बांबूच्या कांबी वाकवून कमान करायची, वरून चटई, तिच्यावर पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद. आत जाताना वाकावं लागतं आणि आत गेल्यावरही पुरतं उभं राहता येत नाही. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात पेटी, मधे अंथरूण. चूल पेटली की धूर बाहेर जायला दारच तेवढं. गावाकडून आणलेली बाजरी हंगामाच्या निम्म्यापर्यंत पुरते. बाहेर बैल, शेळी, कोंबडी आणि एक कुत्रा. कुत्रा महत्त्वाचा, कारण दिवसभर तळावर त्याच्याशिवाय असतात ती फक्त पोरं.

गाडी हा घराचाच दुसरा भाग. दोन टायरची लोखंडी साट्याची गाडी, तिच्यावर अडीच-तीन टन ऊस बसतो. रिकामी असली की तीच पोरांची खेळायची जागा, वाकळा वाळवायची जागा, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची सोय. आणि बैल! बैल आजारी पडला तर अख्खं घर आजारी पडतं. माणसाला ताप आला तर गोळी घेऊन फडात जातात, बैल लंगडला तर मात्र गाडीवान रडकुंडीला येतो. मी हे पाहिलं आहे, आणि त्यात बैलावरच्या मायेइतकाच कर्जाचाही भाग असतो.

दिवस सुरू होतो रात्री. दोन-अडीचला बाया उठतात, भाकऱ्या थापतात, डाळ किंवा ठेचा करतात. उजाडायच्या आत गाडी फडात पोचते. कृष्णाकाठची पौषातली थंडी तुम्हाला माहीत आहे. त्या दवानं भिजलेल्या उसात शिरायचं. ऊस जमिनीलगत तोडायचा, कारण बुडख्यात साखर जास्त. पाचट सोलायचं, शेंडा उडवायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. पुरुष तोडतो, बाई सोलते-बांधते-वाहते असं साधारण असतं. पण बाया तोडतातही. दुपारी गाडी भरली की गाडीवान कारखान्याकडं निघतो. बाई वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन निघते. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांचा चारा. तो विकून आलेल्या पैशांत मीठ-मिरची-तेल भागतं. कारखान्यावर काट्यापाशी गाड्यांची रांग. नंबर लागून, वजन होऊन, गाडी खाली करून माणूस तळावर यायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात, कधी मध्यरात्र होते. आणि दोन-अडीचला पुन्हा चूल पेटते.

रस्त्यात या गाड्या आडव्या आल्या की आपण हॉर्न वाजवतो. एवढं लक्षात ठेवा, की त्या गाडीवानाची ती झोपेची वेळ असते. कित्येकदा बैलच वाट ओळखून चालत असतात.

कोयता म्हणजे किती माणसं?

आता हिशेब. कारखान्याच्या भाषेत कोयता हे हत्याराचंही नाव आहे आणि माणसांच्या मापाचंही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. टोळीत दहा कोयते म्हटलं की वीस माणसं समजायची.

हंगामाच्या आधी, पावसाळ्यातच, मुकादम गावात जाऊन कोयत्याला उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या कर्जात दसऱ्याच्या आधीच संपलेली असते. मग हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ च्या आसपास गेला. चांगली वाढ होती. पण गणित मांडून बघा. समजा, एका जोडीनं एक लाख उचल घेतली. रोज दोघं मिळून दोन टन तोडतात. लाख रुपये फिटायला २७३ टन तोडावे लागतील, म्हणजे १३७ दिवस. आणि अलीकडं कारखाने वाढले, ऊस कमी पडला, तर हंगाम शंभर दिवसांतच आटोपतो. शंभर दिवसांत दोनशे टन, म्हणजे ७३,२०० रुपये. उरले २६,८०० रुपये, ही बाकी. ती पुढच्या वर्षीच्या उचलीवर चढते. गाडीवानाला वाहतुकीचे वेगळे पैसे मिळतात, पण त्याला बैलांचा खर्च आणि गाडीचं भाडं आहे. अमेरिकेतलं ते जोडपं मनात येईल तेव्हा गाडी वळवतं. इथं गाडी कुठल्या दिशेला जाणार, हे पावसाळ्यातच उचलीनं ठरवलेलं असतं.

यात एक शब्द फार भीतीचा, तो म्हणजे खाडा. कामावर न येणं. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. म्हणून बाळंतपणाचे दिवस भरत आले तरी बाई फडात असते. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, विसावा नाही. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढून टाकलेल्या बायांची संख्या किती, हे पाहायला २०१९ साली सरकारनं समिती नेमली होती. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. या आकड्याची कारणं अनेक आहेत. न लागणाऱ्या शस्त्रक्रिया करणारे होते, तशीच खाड्याची भीती होती, आणि तळावर संडास-पाणी नसल्यानं होणारे आजारही होते.

मी बत्तीस वर्षं ज्या वह्या लिहिल्या, त्यांत गाडी नंबर, गाडीवानाचं नाव, गट नंबर, शेतकऱ्याचं नाव असे रकाने होते. निम्मा ऊस जिच्या हातून तुटून आला, तिच्या नावाला रकाना नव्हता. मलाही तो हवासा वाटला नाही. खरं सांगायचं तर सुचलाच नाही.

एकशे सतरा नंबरची गाडी

मला हे एका पोरीनं शिकवलं. १९९६ सालच्या हंगामातली गोष्ट आहे. बीडकडच्या एका गाडीवानाची मुलगी, दहा वर्षांची. दिवसभर तळावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडायची. माझी सायकल दिसली की हात पुढं करायची. "सायब, पावती द्या." मला वाटायचं, पोरीला कागद खेळायला हवा असेल. मी काट्याच्या जुन्या पावत्या द्यायचो.

एकदा पंधरवड्याचं बिल वाटून मी सायकलवर बसतोय, तोच ती समोर उभी राहिली. "सायब, आमची एक खेप कमी हाय."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय गं? बापाला पाठव."

बाप लाजून मागं उभा होता. त्याला अक्षरओळख नव्हती. पोरीनं मला कोपीत नेलं. कांबीला तार बांधून तिनं सगळ्या पावत्या तारखेवार ओवून ठेवल्या होत्या. कांबीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या, रोजच्या खेपेची एक रेघ. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, दोन्ही बैलांसकट, आणि खाली वजाबाकी. तिनं प्रत्येक वजाबाकी करून पाहिली होती. रेघा चौदा आणि बिलात खेपा तेरा.

मी वैतागूनच कचेरीत गेलो आणि वही उघडली. तिचं बरोबर होतं. त्यांच्या गाडीचा नंबर ११७. एका रात्री घाईत मी चिठ्ठीवर १७१ लिहिला होता. त्यांचा दोन टन आठशे पन्नास किलो ऊस दुसऱ्याच गाडीच्या नावावर चढला होता. चूक माझी होती, अक्षर माझं होतं. दुरुस्ती झाली, पैसे मिळाले. पण त्या रात्री माझ्या मनात आलं, की असे किती ११७ माझ्या हातून १७१ झाले असतील, आणि तिथं वजाबाकी करणारं कुणी नव्हतं.

पोरगी गावाकडं तिसरीपर्यंत शिकली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेलो. दाखला नव्हता. गुरुजी भले होते, म्हणाले, "बसू दे. दाखल्याचं बघू पुढं." अडचण भावाची होती, तो कडेवरून उतरेना. गुरुजींनी त्यालाही बसू दिलं. जेमतेम दीड महिना ती गेली. मग पट्टा पडला. पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. मार्चअखेर ट्रक भरून ते गेले. परीक्षा एप्रिलात. म्हणजे इथली परीक्षा हुकली, आणि तिकडच्या शाळेत पाच महिने गैरहजर म्हणून नाव कमी झालेलं. दोन्हीकडची वही तिच्यापुरती बंद.

हे काही एका मुलीचं दुर्दैव नव्हे. आपली शाळा जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलात परीक्षा घेते. ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात संपतो. ही दोन वेळापत्रकं जिथं एकमेकांवर चढतात, तिथं पोर सापडतं. तोडगा म्हणून तळांवर साखरशाळा निघाल्या. पुढं शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला, तेव्हा मुलाला जवळच्या नेहमीच्या शाळेतच घ्यावं, दाखल्यासाठी अडवू नये, असं ठरलं. तिसरी वाट हंगामी वसतिगृहांची, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी मुलानं गावातच राहून शिकायचं. मला तिन्हींत ही तिसरी वाट बरी वाटते, कारण तिच्यात पोराचं वर्ष तुटत नाही. मात्र लेकराला मागं ठेवून निघताना आईचा जीव तुटतो, तेही मी पाहिलं आहे.

चार हंगामांनी ती पोरगी पुन्हा आली. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, हातात कोयता. चौदा वर्षांची. जोडी झाली की उचल पुरती मिळते, अर्ध्या कोयत्याला निम्मी. म्हणून या समाजात लग्नं लवकर होतात. मला ओळखून हसली. म्हणाली, "सायब, आता हिशेब मीच ठेवते." मला काय बोलावं सुचलं नाही. त्या दिवसापासून मी पावती गाडीवानाच्या हातात न देता तिच्या हातात देऊ लागलो. तेवढंच माझ्या हातात होतं.

साखर तिकडची आणि इकडची

पुतण्याला मी पुढं एक गोष्ट सांगितली, तिनं तो चकित झाला. अमेरिकेत गाडीत राहणारे सगळेच हौशी नाहीत. २००८ च्या मंदीनंतर घरं गमावलेली, पेन्शन न पुरणारी साठीची माणसं जुन्या गाड्यांत राहून हंगामी कामं शोधत फिरू लागली. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईनं त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं, ते २०१७ साली आलं. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. आणि ही माणसं ज्या कामांना जातात त्यांतलं एक काम कुठलं, तर साखरेचं! नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटा या उत्तरेच्या राज्यांत साखरेचं बीट पिकतं. ऑक्टोबरात त्याची काढणी असते, बारा-बारा तासांच्या पाळ्या. ब्रुडर बाईंनी स्वतः तिथं काम करून पाहिलं. तिथली मोठी साखर कंपनीही शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. १९७३ साली तिथल्या बीट उत्पादकांनी ती विकत घेऊन सहकारी केली.

मग फरक कुठं आहे? एक फरक पिकाचा. बीट काढून उघड्यावर डोंगरासारखं रचून ठेवतात. तिथल्या थंडीत ते गोठून टिकतं आणि कारखाना महिनोन्महिने ते वापरत राहतो. त्यामुळं काढणीचं काम दोन-तीन आठवड्यांत संपतं. आपला ऊस थांबत नाही, म्हणून आपलं बिऱ्हाड चार-पाच महिने थांबतं. दुसरा फरक जागेचा. तिथं हंगामी कामगारानं गाडी आणली, तर पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा देण्याची रीत आहे. माणसं मिळावीत म्हणूनच ते देतात, त्यात उपकार काही नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं नाही. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकाची चाकांवरची खोली जिथं थांबेल, तिथं पाणी, वीज, स्वच्छतागृह असावं, असा विचार त्यात आहे. चांगलाच विचार आहे. महाबळेश्वरला थांबणाऱ्या गाडीला जे लागतं, तेच मसूर-उंब्रजला थांबणाऱ्या गाडीला लागतं, एवढंच माझं म्हणणं.

एप्रिल २०२० आठवा. करोनामुळं सगळ्यांना घरात राहा असं सांगितलं होतं. हजारो तोडकरी कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. हंगाम सरला होता, काम नव्हतं आणि घर म्हणावं तर कोपी. पुढं आरोग्य तपासणी करून त्यांना गावी जाऊ दिलं. आमच्याकडच्या काही घरांनी त्या दिवसांत तळावर धान्य पोचवलं. एका तोडकऱ्यानं मला विचारलं, "सायब, घरात राहा म्हंत्यात, ते कोणच्या घरात?"

त्यानंतर काही पावलं पडली आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं. गाळपाच्या टनामागं कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच भर सरकारकडून, असा त्याला आधार ठरला. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना निघाली. कामगारांची गावात नोंद करून ओळखपत्र द्यायचं ठरलं. या ओळखपत्राला मी फार मानतो, कारण त्यावर बाईचंही नाव असू शकतं. माझ्या वहीत जे नव्हतं, ते.

हार्वेस्टर यंत्रंही आली आहेत. ती वाढतील. पण यंत्राला रुंद सरी हवी, मोठं रान हवं. आपल्याकडं तुकड्यांची शेती. त्यामुळं आणखी बरीच वर्षं कोयता लागणारच, आणि बिऱ्हाडही येणार.

तेव्हा शेतकरी म्हणून, गावकरी म्हणून आपल्या हातात काय आहे? फार नाही, पण थोडं आहे. टोळी आपल्या रानात उतरली, तर मोटारीच्या पाण्याची एक तोटी त्यांच्यासाठी सोडावी. चार कांबी आणि एक ताडपत्री यात बायांसाठी आडोसा होतो. आशाताईंना तळ कुठं पडलाय ते कळवावं, म्हणजे गरोदर बाई आणि तान्ही पोरं त्यांच्या यादीत येतात. शाळेच्या मास्तरांना सांगावं. रात्री गाडी दिसली नाही म्हणून अपघात होतात, तेव्हा गाडीच्या मागं रिफ्लेक्टर आहे का ते बघावं. आणि वजनाची पावती ज्याची त्याला, वाचून दाखवून द्यावी.

एकशे सतरा नंबरची ती पोरगी आता चाळिशीला आली असेल. दोन वर्षांपूर्वी तिच्या गावची टोळी इकडं होती, म्हणून मी मुद्दाम तळावर गेलो. ती आलेली नव्हती. टोळीतला एक जण म्हणाला, तिच्या दोन्ही मुली वसतिगृहात राहून शिकतात, थोरली बारावीला आहे. ती आणि नवरा अजून कोयत्यावर जातात, पण दुसऱ्या कारखान्याकडं.

मी विचारलं, "हिशेब अजून तीच ठेवते का?"

तो हसून म्हणाला, "तिचाच न्हाई, साऱ्या टोळीचा. मुकादम भितो तिला."